उतरंडीतील माणूस आणि संगणकातील माणूस

मातीच्या मडक्यांवर मडकी रचून घराच्या कोपऱ्यात जी उतरंड उभी केली जात असे, तिचे दोन धर्म कोणाही गृहिणीस ठाऊक होते. खालचे मडके मोठे आणि वरचे लहान असावे लागते, हा पहिला. आणि वरचे मडके हलले तर खालच्यास त्याची फारशी वार्ता नसते, परंतु खालचे हलले तर वरची सारीच कोसळतात, हा दुसरा. कचेरी, पलटण, शाळा, कारखाना, देवस्थान ह्या सर्व संस्था आपण ह्या उतरंडीच्याच रूपाने कल्पितो. तळाशी पुष्कळ माणसे, त्यांच्यावर थोडी, त्यांच्यावर आणखी थोडी, आणि शेवटी शिखरावर एक. ही उपमा सोयीची आहे. परंतु तीत एक मोठी उणीव आहे. मडक्यास मन नसते. ते ज्या जागी ठेवले त्या जागी राहते. वरच्या जागेची इच्छा धरीत नाही, शेजारच्या मडक्याचे पाहून शिकत नाही, आणि वर चढविल्यामुळे बिघडतही नाही. माणूस ह्या तिन्ही गोष्टी करतो. म्हणून संस्थेचे बरेवाईट तिच्या रचनेतून किती येते आणि तिच्यातील माणसांच्या नित्याच्या वागणुकीतून किती येते, हा प्रश्न राज्यकारभाराइतकाच जुना असूनही सुटलेला नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या जुन्या प्रश्नास एक नवे साधन मिळाले. संगणकाच्या पोटात एक काल्पनिक संस्था उभी करावयाची, तिच्यातील प्रत्येक माणसास वागण्याचे दोन-चार नियम घालून द्यावयाचे, आणि मग काळ पुढे ढकलीत त्या संस्थेचे काय होते ते पाहावयाचे, अशी ही पद्धत आहे. खऱ्या कचेरीवर असा प्रयोग करता येत नाही. शंभर कारकुनांना दहा वर्षे एका नियमाने बढती देऊन, मग काळ मागे नेऊन त्याच शंभरांना दुसऱ्या नियमाने बढती देणे विधात्यासही जमले नसते. संगणकात ते घटकाभरात होते. ह्या साधनाचा इतिहास आपल्या वाचकांपुढे मांडावा, आणि त्यातून इतिहासाच्या व शिक्षणाच्या अभ्यासकाने काय घ्यावे व काय घेऊ नये ह्याचा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या कथेचा आरंभ संगणकापासून होत नाही. तो मुलांच्या खेळाच्या मैदानापासून होतो. १९३५ मध्ये हर्बर्ट सायमन ह्या तरुण विद्यार्थ्याने अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या क्रीडांगणांचा कारभार अभ्यासावयास घेतला. ही क्रीडांगणे दोन खात्यांच्या सामाईक देखरेखीखाली होती. एक शाळांचे मंडळ आणि दुसरे शहराचे बांधकाम खाते. उपलब्ध पैसा मैदानांच्या डागडुजीवर किती खर्चावा आणि मुलांना खेळविणाऱ्या शिक्षकांवर किती, ह्याविषयी दोहोंचे कधीच एकमत होत नसे. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे त्यांनी शेवटच्या रुपयाचा लाभ दोहीकडे सारखा होईपर्यंत हिशेब करावयास हवा होता. परंतु तसा हिशेब कोणी करीत नव्हते. कोणास तो करता येण्याजोगाही नव्हता. प्रत्येक जण आपापल्या खात्याच्या खिडकीतून जेवढे जग दिसे तेवढ्यावरून मत बनवीत होता. मनुष्य बुद्धीने वागू पाहतो, पण त्याची माहिती, वेळ आणि बुद्धीची शक्ती मर्यादित असते. म्हणून तो सर्वोत्तमाचा शोध न घेता पुरेसे बरे जे सापडेल ते पत्करतो, हा सायमन ह्यांचा पुढील सर्व विचार ह्या मैदानावर रुजला. १९७८ मध्ये त्यांस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते ह्याच विचारधारेसाठी होय.

त्यापूर्वी संस्थांविषयी जे लेखन झाले होते त्यात माणूस हा बहुधा मडक्यासारखाच होता. मॅक्स वेबर ह्यांनी नोकरशाहीचे जे शुद्ध चित्र रेखाटले, त्यात पदे, अधिकार, लेखी नियम आणि कागदपत्रे ह्यांस प्राधान्य होते. पदावरील व्यक्तीचे मन बाजूस ठेवणे हाच त्या व्यवस्थेचा गुण मानलेला होता. फ्रेडरिक टेलर ह्यांनी १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत कामगाराच्या हालचाली घड्याळाने मोजल्या. त्याच्या विचारास मात्र तेथे जागा नव्हती. त्यानंतर प्रशासनाची ‘तत्त्वे’ सांगणाऱ्या ग्रंथांचा सुकाळ झाला. १९४६ मध्ये सायमन ह्यांनी एक लेख लिहून ह्या तत्त्वांस म्हणींची उपमा दिली. म्हणींचा गुण असा की, त्या नेहमी जोडीने येतात आणि एकमेकींविरुद्ध बोलतात. आपल्याकडेही ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ म्हणणारा आणि ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणणारा एकाच पारावर बसलेला असतो, आणि दोघेही प्रसंगी खरे ठरतात. प्रशासनाचे तसेच. एका अधिकाऱ्याच्या हाताखाली थोडीच माणसे असावीत, असे एक तत्त्व सांगते. वरिष्ठ आणि कनिष्ठ ह्यांच्यामध्ये पायऱ्या थोड्या असाव्यात, असे दुसरे सांगते. परंतु हाताखालची माणसे कमी केली की पायऱ्या वाढतात, आणि पायऱ्या कमी केल्या की हाताखालची माणसे वाढतात. दोन्ही तत्त्वे एकदम पाळणे अशक्य. तेव्हा कोणत्या परिस्थितीत कोणते तत्त्व किती लागू, हे ठरविण्यास म्हणीहून काटेकोर अशी भाषा हवी होती. ती भाषा पुढे संगणकाच्या आज्ञावलीने पुरविली.

सायमन १९४९ मध्ये पिट्सबर्ग येथील कार्नेगी तंत्रशिक्षण संस्थेत आले. तेथे ॲलन न्यूवेल आणि क्लिफ शॉ ह्यांच्या सहकार्याने त्यांनी तर्कशास्त्रातील सिद्धांत सिद्ध करणारी एक आज्ञावली रचली. १९५६ च्या जानेवारीत ती यंत्रावर चालविण्याइतकी तयार झालेली नव्हती. म्हणून सायमन ह्यांनी आपली पत्नी, तीन मुले आणि काही विद्यार्थी ह्यांस एकत्र केले, आणि प्रत्येकाच्या हाती एक एक पत्रिका दिली. त्या पत्रिकेवर आज्ञावलीचा एक भाग लिहिलेला होता. ज्याची पाळी येई त्याने आपल्या पत्रिकेत सांगितले असेल तेवढेच करावयाचे आणि काम पुढच्याकडे सोपवावयाचे. अशा रीतीने माणसांच्या त्या छोट्या मेळ्याने यंत्राची भूमिका केली, आणि सिद्धांत सिद्ध होत गेले. ह्या प्रसंगाचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या काळात यंत्राकडून माणसाची नक्कल करविण्याची स्वप्ने पाहिली जात होती, त्या काळात प्रथम माणसांनीच यंत्राची नक्कल केली. आणि तसे करताना, पत्रिकेतील नियम पाळणाऱ्या व एकमेकांकडे काम सोपविणाऱ्या माणसांचा समुदाय म्हणजे एक कचेरीच होय, हेही आपोआप दिसून आले. कचेरी ही एक आज्ञावली आहे आणि आज्ञावली ही एक कचेरी आहे, ही दुहेरी कल्पना पुढील सर्व संशोधनाच्या मुळाशी आहे.

पिट्सबर्गच्या ह्या संस्थेत सायमन ह्यांच्या जोडीस जेम्स मार्च आणि रिचर्ड सायर्ट हे दोन अभ्यासक होते. मार्च व सायमन ह्यांचा संस्थांवरील ग्रंथ १९५८ मध्ये आला. आणि सायर्ट व मार्च ह्यांचा, व्यापारी संस्थेच्या वर्तनाची उपपत्ती सांगणारा ग्रंथ १९६३ मध्ये. ह्या दुसऱ्या ग्रंथात एका मोठ्या दुकानाच्या एका विभागाचा अभ्यास आहे. त्या विभागातील खरेदी करणारा अधिकारी मालाची विक्रीची किंमत कशी ठरवितो, हे त्याच्याजवळ बसून टिपून घेतले गेले. तो बाजाराचा सूक्ष्म विचार करीत नसे. मूळ किमतीवर ठरलेले प्रमाण चढवावयाचे, आणि येणारा आकडा दुकानाच्या प्रथेतील जवळच्या आकड्यावर आणून ठेवावयाचा, असे त्याचे थोडेसे साधे नियम होते. हे नियम संगणकास शिकविले, आणि मग न पाहिलेल्या १९७ वस्तूंच्या किमती त्यास सांगावयास लावल्या. त्यांपैकी १८८ किमती शेवटच्या सेंटपर्यंत बरोबर आल्या. मनुष्याच्या शहाणपणाविषयीचा आपला अभिमान दुखावणारा हा आकडा आहे. ज्यास तो अधिकारी अनुभवाची पारख म्हणत असेल, तीत सवयीचा भाग केवढा मोठा होता!

त्याच वर्षी, म्हणजे १९६३ मध्ये, चार्ल्स बोनिनी ह्यांनी संपूर्ण संस्थेचेच प्रतिरूप प्रसिद्ध केले. त्यात कारखाना होता, विक्रेते होते, मुकादम होते, आणि त्यांच्यावर अधिकाऱ्यांच्या पायऱ्या होत्या. विशेष म्हणजे त्यात प्रत्येकाच्या मनावरील दडपणाचा एक अंक धरलेला होता. वरिष्ठावर दडपण आले की ते कनिष्ठाकडे उतरे. प्रसंगी शेजाऱ्याचे दडपण शेजाऱ्यास लागे. संसर्गजन्य रोगासारखी काळजी पसरते, हे प्रत्येक कचेरीतील माणूस जाणतो. पण ती गणितात आणण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होय. परंतु ह्या प्रयत्नातून एक अडचण पुढे आली, आणि तिला बोनिनींचेच नाव मिळाले. प्रतिरूप जसजसे खऱ्या संस्थेसारखे गुंतागुंतीचे करीत जावे, तसतसे ते खऱ्या संस्थेइतकेच दुर्बोध होत जाते. जे समजत नाही ते समजावून घेण्यासाठी प्रतिरूप रचावे, आणि शेवटी प्रतिरूपच समजू नये, असा हा पेच आहे. इतिहासकारासही तो अपरिचित नाही. एखाद्या कालखंडाची प्रत्येक बारीक नोंद जशीच्या तशी उतरून घेणारा दफ्तर तयार करतो; त्यास इतिहास म्हणत नाहीत.

ह्या पेचातून मार्ग काढण्यासाठी पुढील पिढीने प्रतिरूपे जाणूनबुजून लहान केली. १९७२ मध्ये मायकेल कोहेन, जेम्स मार्च आणि योहान ऊल्सेन ह्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तो आपल्या शिक्षकवर्गास विशेष रुचावा, कारण त्यातील संस्था म्हणजे विद्यापीठे आहेत. विद्यापीठात उद्दिष्टे धूसर असतात, साधने कोणास नीट ठाऊक नसतात, आणि सभेला आज कोण येईल व कोण न येईल ह्याचा नेम नसतो. अशा संस्थेतील निर्णयाच्या प्रसंगास ह्या लेखकत्रयाने कचऱ्याच्या पेटीची उपमा दिली. त्या पेटीत जो तो आपापले टाकतो. कोणी अडचण टाकतो, कोणी अडचण नसतानाच तयार ठेवलेला उपाय टाकतो, कोणी केवळ हजेरी लावतो. त्यांच्या आज्ञावलीत दहा निर्णय होते, वीस अडचणी होत्या, दहा माणसे होती, आणि काळाच्या वीस पायऱ्या होत्या. कोणत्या माणसास कोणत्या निर्णयात हात घालण्याचा अधिकार, ह्याच्या वेगवेगळ्या व्यवस्था करून पाहिल्या. त्यांत एक उतरंडीची होती. निष्पन्न असे झाले की, बहुतेक निर्णय अडचण सोडवून होत नाहीत. काही निर्णय अडचणी अजून दुसरीकडे गुंतलेल्या असतानाच घाईने उरकले जातात. आणि काही, अडचणी कंटाळून दुसऱ्या विषयाकडे निघून गेल्यावर होतात. ज्यांनी संस्थांच्या सभांची इतिवृत्ते वाचली आहेत त्यांस हे वाचून आश्चर्य वाटू नये.

परंतु ह्या निबंधाची पुढील कथाही सांगितली पाहिजे. जवळजवळ तीस वर्षे त्याचा उल्लेख सर्वत्र होत राहिला. पण त्यातील आज्ञावली उघडून ओळीने तपासणारे फार थोडे होते. २००१ मध्ये जोनाथन बेंडर, टेरी मो आणि केनेथ शॉट्स ह्यांनी तसे केले. त्यांस आढळले की, निबंधाच्या गद्यात जी स्वैर व विस्कळीत संस्था वर्णिली आहे, ती आज्ञावलीत नाहीच. आज्ञावलीतील माणसे एका निर्णयाकडून दुसऱ्याकडे मेंढरांच्या कळपासारखी एकत्र धावतात, आणि अडचणीही तशाच त्यांच्या मागोमाग. गद्य एक सांगत होते आणि गणित दुसरेच करीत होते. साहित्याच्या अभ्यासकास ह्यात मोठा बोध आहे. आज्ञावली हीसुद्धा एक संहिता आहे. तिच्यावरील भाष्य वाचून मूळ वाचल्याचे समाधान मानणे हा दोष केवळ पोथ्यांच्या अभ्यासातच होतो असे नव्हे. तो शास्त्राच्या अभ्यासातही होतो, आणि त्यास उपाय दोन्हीकडे एकच आहे.

ह्या परंपरेतील सर्वांत सुंदर प्रतिरूप म्हणून आम्ही जेम्स मार्च ह्यांच्या १९९१ मधील निबंधाचा निर्देश करू. त्यात पन्नास माणसे आहेत, आणि जगाविषयीचे तीस प्रश्न आहेत. प्रत्येक प्रश्नावर प्रत्येकाचे मत होय, नाही किंवा ठाऊक नाही असे असते. ह्याखेरीज संस्थेचे स्वतःचे एक मत असते. त्यास रीत, परंपरा, शिरस्ता काहीही म्हणावे. माणसे संस्थेचा शिरस्ता शिकतात, आणि संस्था आपल्यातील जाणत्या माणसांकडून शिकते. आता अपेक्षा अशी की, माणसे जितकी चटकन शिकतील तितकी संस्था शहाणी होईल. घडते उलटेच. नवीन आलेला माणूस शिरस्ता फार लवकर आत्मसात करू लागला की, त्याच्याजवळ जे वेगळे ज्ञान होते ते संस्थेने उचलण्यापूर्वीच तो ते विसरतो. सारे एकसारखे होतात. त्यांची चूकही एकसारखी होते. आणि मग ती चूक दाखविण्यास कोणी उरत नाही. काही मंद शिष्य असले म्हणजे संस्थेचे ज्ञान अधिक उंचीस पोहोचते. तसेच, माणसे काही प्रमाणात बदलत राहिली म्हणजे लाभ होतो. आणि तो नवागत अधिक जाणते असतात म्हणून नव्हे. सरासरीने ते गेलेल्यांपेक्षा कमीच जाणतात. पण जे जाणतात ते निराळे असते.

गुरूचा शब्द झेलणारा शिष्य आणि शंका काढीत मागे रेंगाळणारा शिष्य ह्यांपैकी पहिला गुरूस प्रिय असतो, हे खरे. परंतु संप्रदायाची वाढ दुसऱ्यावर अवलंबून असते. हे प्रतिरूप तेवढेच सांगते, पण अंकांनी सांगते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेल्या आपल्या मराठी समाजांनी आणि त्यांच्या साहित्यसंस्थांनी ह्याचा विचार करावा असे आम्हांस वाटते. इंदूरची, बडोद्याची, हैदराबादची अथवा गोव्याची मराठी ही पुण्याच्या शिरस्त्याहून जेथे वेगळी आहे, तेथे ती लगोलग सुधारून घेण्याची घाई झाल्यास एकूण मराठीने काय गमावले, हे कोणास कळणारही नाही.

आता ज्या प्रतिरूपाची कीर्ती सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचली, त्याकडे वळू. त्याचे मूळ विनोदी वाङ्मयात आहे. १९५५ मध्ये नॉर्थकोट पार्किन्सन ह्या इतिहासकाराने, काम असो वा नसो कचेरी वाढतच जाते, असा नियम थट्टेने मांडला. पुराव्यादाखल त्याने ब्रिटिश आरमाराचे आकडे दिले. १९१४ पासून १९२८ पर्यंत मोठ्या लढाऊ जहाजांची संख्या ६२ वरून २० वर आली. पण ह्याच काळात आरमार खात्यातील अधिकारी २,००० होते ते ३,५६९ झाले. १९६९ मध्ये लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल ह्यांनी ह्याच जातीचे दुसरे पुस्तक लिहिले. पीटर हे शिक्षणक्षेत्रातील होते, आणि त्यांची बरीचशी उदाहरणे शाळांतलीच आहेत. त्यांचा नियम असा: उतरंडीतील प्रत्येक माणूस चढत चढत आपल्या नालायकीच्या पायरीपर्यंत जातो. कारण उघड आहे. जो काम चांगले करतो त्यास बढती मिळते. तेथेही चांगले केले तर आणखी बढती. आणि ज्या जागी त्याचे काम चांगले होत नाही, त्या जागी बढती थांबते. अर्थात ज्या जागी तो शोभत नाही, नेमक्या त्याच जागी तो कायम होतो.

गणिताचा एक उत्कृष्ट शिक्षक डोळ्यांपुढे आणावा. अवघड उदाहरण फळ्यावर उतरले की वर्गातील शेवटच्या बाकावरील मुलाच्याही तोंडावर उजेड पडावा, अशी त्याची हातोटी. ह्या गुणाबद्दल त्यास मुख्याध्यापक केले. आता वेळापत्रक, अनुदानाचे कागद, शिक्षकांची भांडणे, पालकांच्या तक्रारी आणि गळके छप्पर हे त्याचे विषय झाले. त्यांतील एकही तो फळ्यावर सोडवू शकत नाही. शाळेने एक मुख्याध्यापक मिळविला तो सामान्य, आणि एक शिक्षक गमावला तो असामान्य. पीटर ह्यांच्या विनोदाखालचे दुःख हे आहे.

२००९ मध्ये सिसिली बेटावरील कातानिया विद्यापीठातील आलेस्सांद्रो प्लुकिनो, आंद्रेआ रापिसार्दा आणि चेझारे गारोफालो ह्यांनी हा विनोद संगणकावर चढविला. त्यांचा निबंध २०१० मध्ये छापून आला. त्यांच्या उतरंडीत सहा पायऱ्या आणि १६० जागा होत्या. तळाशी ८१, मग ४१, २१, ११, ५, आणि शिखरावर १. प्रत्येक माणसास दोनच गुणधर्म होते, वय आणि कार्यक्षमता. वय अठरापासून साठपर्यंत. साठी उलटली की निवृत्ती. कार्यक्षमता एकपासून दहापर्यंत; चारखाली गेली की बडतर्फी. वरच्या पायरीवरील माणसाच्या कार्यक्षमतेस संस्थेच्या एकूण हिशेबात वजन अधिक. रिकाम्या झालेल्या जागी खालच्या पायरीवरून कोणास चढवावे, ह्याचे तीन नियम होते: सर्वांत चांगल्यास, सर्वांत वाइटास, किंवा चिठ्ठी टाकून कोणासही.

खरी मेख पुढे आहे. बढतीनंतर माणसाची कार्यक्षमता किती राहते? येथे दोन गृहीतके घेतली. पहिले व्यवहारी माणसाचे: जो खाली चांगला तो वरही साधारण तितकाच चांगला. दुसरे पीटर ह्यांचे: वरचे काम खालच्याहून इतके भिन्न की, खालच्या गुणावरून वरचा काहीच सांगता येत नाही, प्रत्येक बढती म्हणजे नव्याने टाकलेला फासा. पहिले गृहीतक खरे असेल तर सर्वांत चांगल्यास चढविल्याने संस्थेची कार्यक्षमता सुमारे ९ टक्क्यांनी वाढली, आणि सर्वांत वाइटास चढविल्याने सुमारे ५ टक्क्यांनी घटली. दुसरे गृहीतक खरे असेल तर सारे उफराटे झाले. सर्वांत चांगल्यास चढविल्याने सुमारे १० टक्के हानी, आणि सर्वांत वाइटास चढविल्याने सुमारे १२ टक्के लाभ! कारण वाइटास हलविण्यात गमावण्यासारखे काही नसते, आणि चांगला आपल्या जागी राहतो. चिठ्ठी टाकण्याच्या नियमाने मात्र दोन्ही गृहीतकांत हानी झाली नाही. थोडा लाभच झाला. कोणते गृहीतक खरे हे ठाऊक नसेल तर चिठ्ठी टाकणे सर्वांत निर्धोक, असा निष्कर्ष निघाला. २०१० मध्ये ह्या निबंधास, लोकांस आधी हसविणाऱ्या आणि मग विचार करावयास लावणाऱ्या संशोधनासाठी असलेले इग नोबेल पारितोषिक मिळाले.

हसून झाल्यावर विचार करावयाचा तो असा. संगणकाने येथे कोणते नवे सत्य शोधले? बढतीनंतर गुण टिकतो की नाही, हे त्याने शोधलेले नाही. ते त्यास सांगण्यात आले. एकदा ते सांगितल्यावर पुढचे काय होते, एवढेच त्याने दाखविले. संगणक हा ‘जर’चा उपासक आहे, ‘आहे’ हे सांगण्यासाठी जगाकडेच जावे लागते. जगाकडे गेलेले अभ्यासकही आहेत. एडवर्ड लेझिअर ह्यांनी २००४ मध्ये ह्या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहिले. कोणाचेही काम काही अंशी अंगच्या गुणाने आणि काही अंशी नशिबाने उठून दिसते. बढतीसाठी निवडलेल्यांत, त्या वर्षी नशिबाने साथ दिलेले अधिक असावयाचेच. पुढील वर्षी ती साथ सुटली की ते फिके दिसतात. माणूस बिघडलेला नसतो. आधीच तो जरा अधिक उजळ दिसला होता. एकाच परीक्षेच्या गुणांवरून विद्यार्थ्याची पारख करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे वाक्य भिंतीवर लावण्यासारखे आहे. पुढे २०१९ मध्ये ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू ह्यांनी अमेरिकेतील शंभरांहून अधिक कंपन्यांच्या विक्रेत्यांच्या नोंदी तपासल्या. उत्तम विक्री करणाऱ्यांस अधिकारी होण्याची संधी अधिक मिळत होती. पण अधिकारी म्हणून कोण चांगला ठरेल हे विक्रीच्या आकड्यांवरून कळत नव्हते. ते अधिक कळत होते दुसऱ्यांबरोबर मिळून काम करण्याच्या अनुभवावरून, आणि त्या गुणास बढती देताना पुरेसे मोल दिले जात नव्हते. पीटर ह्यांचा विनोद ह्या एका क्षेत्रात तरी बऱ्याच अंशी खरा ठरला.

मात्र कंपन्या हे केवळ मूर्खपणाने करीत होत्या असे म्हणता येणार नाही. चांगल्या कामास बढतीचे बक्षीस आहे, ही आशा खालच्या सर्वांस कामास लावते. ती आशा काढून घेतली तर वरची नेमणूक सुधारेल, पण खालचे काम बसेल. कातानियाच्या संगणकातील माणसांस आशा नव्हती, रागही नव्हता. सर्वांत वाइटास वर चढविलेले पाहून उरलेले १५९ जण तेथे निमूटपणे काम करीत राहिले. खऱ्या कचेरीत दुसऱ्या दिवशी सकाळीच सर्वांनी वाईट काम करण्याची स्पर्धा सुरू केली असती. त्या माणसांस जात नव्हती, भाषा नव्हती, नातलग नव्हते. साहेबाच्या गावचा म्हणून कोणी पुढे गेला नाही, आणि स्त्री म्हणून कोणी मागे राहिली नाही. आपल्याकडील पुष्कळ शाळांत मुख्याध्यापकाचे पद सेवाज्येष्ठतेने दिले जाते. गुणाची कसोटी जेथे पक्षपाताचे निमित्त होण्याचे भय असते तेथे ज्येष्ठतेचा नियम निदान सर्वांस आधी ठाऊक असतो, हे त्याचे बळ आहे. पण हे बळ ज्या अविश्वासातून येते तो अविश्वास १६० माणसांच्या त्या उतरंडीत कोठेच नाही. म्हणून त्या निबंधावरून आपल्या शाळांसाठी नियम काढणे म्हणजे नकाशावर पाऊस पडत नाही म्हणून छत्री टाकून निघणे होय.

मग ह्या साऱ्या खटाटोपाचे मोल काय? आमच्या मते ते दोन प्रकारचे आहे.

पहिले असे की, प्रतिरूप आपल्याकडून गृहीतके वदवून घेते. ‘लायक माणसास वर आणावे’ हे वाक्य सभेत टाळ्या घेते. पण लायक म्हणजे कोणत्या कामास लायक, ह्या कामास की पुढच्या, हे त्यात सांगितलेले नसते. संगणकास असे अर्धे वाक्य चालत नाही. उरलेले अर्धे लिहावेच लागते, आणि लिहिले की ते तपासता येते. उत्तम शिक्षकास शिक्षक ठेवूनच त्याचे वेतन व मान वाढविण्याची सोय का नसावी, मान हा केवळ वरच्या पायरीवरच का ठेवलेला असावा, हे प्रश्न ह्या तपासणीतूनच उभे राहतात. ते संगणकाशिवायही सुचू शकले असते. पण फारसे सुचले नाहीत, हेही खरे.

दुसरे मोल इतिहासाच्या अभ्यासकासाठी आहे, आणि आम्हांस ते अधिक महत्त्वाचे वाटते. एखादी संस्था अथवा एखादे राज्य खालावले की, कोणाचा तरी अपराध शोधण्याकडे आपल्या लेखणीचा ओढा असतो. १७६१ मधील पानिपताविषयीचे आपले लोकप्रिय लेखन अजूनही बव्हंशी ह्याचा हट्ट आणि त्याचा स्वार्थ एवढ्याभोवतीच फिरते. व्यक्तींचे दोष खोटे असतात असे आमचे म्हणणे नाही. परंतु वर सांगितलेल्या एकाही प्रतिरूपात दुष्ट माणूस नाही. मार्च ह्यांच्या संस्थेत सारे मनापासून शिकत होते आणि म्हणूनच ती अज्ञानी राहिली. पीटर ह्यांच्या उतरंडीत प्रत्येक बढती गुणासाठीच दिलेली होती आणि म्हणूनच ती गुणहीन झाली. विद्यापीठाच्या सभेत कोणी कट केला नव्हता. तरी अडचणी तशाच राहिल्या. साध्या, सवयीच्या, बहुधा सद्‌हेतूच्या वागणुकीतून कोणासही नको असलेले फळ निघू शकते, हे ह्या सत्तर वर्षांच्या खटपटीने निःसंशय दाखविले आहे. ज्यास हे पटले तो इतिहासकार अपराध्याच्या शोधाबरोबर नियमांचाही शोध घेईल. पदे कशी दिली जात, वार्ता कोणत्या पायरीवर अडत, नवखा किती लवकर जुना होई, हे तो दफ्तरातून काढील.

आणि ज्यांच्या हाती आज एखादी शाळा, एखादे मंडळ किंवा एखादी परिषद आहे, त्यांनीही आपल्या संस्थेतील कोणा एकास दोष देण्यापूर्वी, आपला कोणता नियम त्यास तसे वागावयास शिकवितो, हे एकदा पाहावे. तो नियम बहुधा लेखी नसतो. संगणकासाठी तो लिहावा लागला. आपल्यासाठीही तो कोणीतरी लिहून काढला पाहिजे.